शेकरूची घरटी आणि बारावा रकाना

"स्पेलिंग तेवढं बघा आणि लगेच परत द्या," असं म्हणत हेडक्लार्क जोगळेकरांनी फाइल माझ्या टेबलावर टाकली. "पुढच्या सोमवारी मुंबईला जायचीय."

आत एक प्रस्ताव होता. भोर आणि वेल्हे तालुक्यांत शेकरूची संख्या मुबलक झाली आहे, सबब या दोन तालुक्यांपुरते शेकरूला संरक्षित प्राण्यांच्या यादीतून वगळावे. खाली शेकरूचं लॅटिन नाव होतं आणि टायपिस्टने त्याची पार वाट लावली होती. वनखात्याच्या आमच्या पुण्यातल्या ऑफिसात प्राणिशास्त्राची पदवी असलेला मी एकटा. म्हणून फाइल माझ्याकडे आली. नाव दुरुस्त करायला, बाकी कशाला नाही.

ही एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. वन्यप्राण्यांचा केंद्राचा मोठा कायदा यायला अजून दोनेक वर्षं होती. तोवर राज्याच्या जुन्या कायद्यावर आमचं काम चालायचं. त्या कायद्याला याद्या जोडलेल्या. अमुक प्राणी मारायचाच नाही, तमुक परवान्यावर मारता येईल, आणि काही उपद्रवी, ते कोणीही मारावेत. प्राण्याचं नशीब म्हणजे तो कुठल्या यादीत आहे ते. त्याला इकडून तिकडे ढकलायला एक प्रस्ताव, एक सही आणि राजपत्रातल्या चार ओळी पुरत.

ज्यांनी शेकरू पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. खार असते ना, तिचंच हे मोठं भावंड, मांजराएवढं. तांबूस-तपकिरी पाठ, पिवळट पोट, शेपूट अंगाहून लांब. जन्म सगळा झाडावर. जमिनीवर सहसा उतरत नाही, म्हणून त्याला फांदीला फांदी लागलेली दाट झाडी लागते. आमच्याकडे नियम असा होता, की संरक्षित प्राण्याचं घरटं ज्या झाडावर आहे, ते झाड कुपात तोडायचं नाही. कूप म्हणजे कोळशासाठी तोडायला आखून दिलेला जंगलाचा तुकडा. शेकरू यादीतून गेलं, की ती झाडंही गेली. प्रस्तावाला एका ठेकेदाराचा अर्ज जोडला होता. शेकरू हिरड्याची नासाडी करतं, अशी तक्रार. हिरड्याचं निमित्त होतं. डोळा झाडांवर होता, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

मी आकडे बघायला लागलो. वेल्ह्यातल्या पासली गावाच्या वरच्या अंगाला एक देवराई आहे, म्हणजे देवीच्या नावाने राखलेलं रान. त्या एवढ्याशा रानात एकतीस शेकरं. मला हसूच आलं. शेकरू हा एकलकोंडा प्राणी. दुसरं शेकरू आपल्या झाडावर आलं तर हाकलून लावणारा. तिथे एकतीस जण नांदतात कसे, हे बघायला मी बारावा रकाना शोधला. रकाना नव्हता.

हा रकाना काय ते सांगायला हवं. आमच्या फॉर्मला बारा रकाने होते. पहिल्या अकरांत गाव, सर्व्हे नंबर, प्राण्याचं नाव, संख्या, कोणी मोजली, असलं सगळं. बाराव्यात 'शास्त्रीय तपासणी'. आकडा कसा काढला, तो खरा मानावा का, आणि खाली प्राणिशास्त्र जाणणाऱ्याची सही. ही सही असल्याशिवाय कुठलाही प्राणी कुठल्याही यादीतून हलवायचा नाही, असा आमच्याकडे दंडक होता.

"जोगळेकर, बारावा रकाना कुठंय?"

"तो काढला."

"कोणी?"

"अहो, कोणी म्हणजे काय? स्टेन्सिल फुलस्केपवर मावेना. शेवटचा रकाना कागदाबाहेर जायचा. तुम्ही तेव्हा विदर्भात डेप्युटेशनवर. म्हटलं, भरणारा नाही तर रकाना कशाला? साहेबांची मंजुरी आहे. तोंडी."

"कधीची गोष्ट?"

"झाली की तीनेक वर्षं."

माझे कान गरम झाले. मला वाटायचं, कायदा कमकुवत करायचा तर कोणीतरी बंद दाराआड बसून डाव टाकत असेल. इथे कागद पुरला नाही म्हणून शास्त्र गेलं होतं. आणि डेप्युटेशनवरून परत येऊन दीड वर्ष झालं तरी माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. माझ्याकडे तपासणीला काही येत नाही, म्हणजे कोणी काही पाठवतच नसेल, असं मी धरून चाललो होतो. वा रे शहाणे.

फाइल उचलली आणि तडक कर्णिकसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेब माणूस सरळ, पण घाईचा. समोरचा बोलत असताना दुसऱ्या फाइलवर सही करायची सवय.

"साहेब, हा प्रस्ताव तपासणीशिवाय जातोय."

"गार्डने मोजलंय. रेंजरने सही केलीय. आणखी काय तपासायचं?"

"एकतीस हा आकडा मला पटत नाही."

"मग किती आहेत?"

"माहीत नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "सोनवणे, माहीत नाही हे काय उत्तर झालं?"

"साहेब, आज खरं उत्तर तेच आहे. ते लिहायलाच बारावा रकाना होता."

साहेबांनी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं. मग म्हणाले, "आज सोमवार. पुढच्या सोमवारी ही फाइल जाणार म्हणजे जाणार. तोवर तुमचं 'माहीत नाही' संपवा. टूरवर जा. पण आणाल तो आकडा डोळ्यांनी बघितलेला हवा. पुस्तकातला नको."

माझी पोस्ट टेम्पररी होती. दर सहा महिन्यांनी मुदतवाढ मिळायची आणि तिच्यावर साहेबांचीच सही लागायची. संध्याकाळी पिशवी भरताना बायको एवढंच म्हणाली, "शेकरापायी नोकरी घालवू नका म्हणजे मिळवली."

मंगळवारी सकाळची वेल्ह्याची एस.टी. पकडली. वेल्ह्याला गार्ड रेणुसे घ्यायला आले होते. चाळिशीचा माणूस, खाकी शर्ट धुऊन धुऊन विरलेला, बगलेत मेणकापडात गुंडाळलेलं रजिस्टर. पुढे पासलीपर्यंत चालत. मी मूळचा भोरचा, त्यामुळे डोंगर मला नवा नव्हता, पण पुण्याच्या खुर्चीने पाय बिघडवले होते. रेणुसे दर अर्ध्या तासाने थांबून विडी पेटवायचे. ते माझ्यासाठीच थांबत होते, हे मला नंतर कळलं.

देवराईच्या खाली एका धोंड्यावर बसून त्यांनी रजिस्टर उघडलं. अक्षर मोत्यासारखं. प्रत्येक घरट्याच्या झाडाला नंबर, प्रत्येक झाडाच्या बुंध्याला चुन्याचा पट्टा.

"एकतीस म्हंजे एकतीस, सायेब. एक इकडं न्हाई, एक तिकडं न्हाई."

"आणि शेकरं स्वतः पाहिलीत किती?"

"दिसली दोन-चार. ते कुटं एका जागी ऱ्हातंय? पर घरटी हायेत की. घरटं तितं शेकरू. तुमच्या कागदातच लिवलंय."

"कुठल्या कागदात?"

त्यांनी रजिस्टरच्या मागच्या पुठ्ठ्यातून एक सायक्लोस्टाइल केलेला कागद काढला. घड्यांवर फाटलेला, पण जपून ठेवलेला. गार्डांसाठी सूचनापत्रक. त्यात एक वाक्य होतं: 'शेकरू दृष्टीस पडणे कठीण असल्यास घरट्यांची संख्या नोंदवावी.' खाली सही माझी.

एक शेकरू एका वेळी पाच-सहा, कधी त्याहून जास्त घरटी बाळगतं. कुठल्याही प्राणिशास्त्रवाल्याला हे ठाऊक असतं. आणि ते सूचनापत्रकात कुठेच नव्हतं. का नव्हतं? कारण ते मला ठाऊक होतं. घरट्यांचा आकडा माझ्या टेबलावर येईल, बाराव्या रकान्यात मी त्याचा विचार करीन आणि शेकरांचा अंदाज लिहीन, असं मी गृहीत धरलं होतं. अर्धी पद्धत कागदावर आणि अर्धी माझ्या डोक्यात. मी विदर्भात गेलो तेव्हा डोकं बरोबर घेऊन गेलो. मागे राहिला तो कागद. त्यावर विश्वास ठेवून या माणसाने काट्याकुट्यांत हिंडून एकतीस घरटी मोजली, आणि ऑफिसात त्यांची एकतीस शेकरं झाली.

मी हे त्यांना सांगितलं. त्यांची विडी विझली.

"म्हंजे म्या चुकीचं मोजलं?"

"नाही. तुम्ही बरोबर मोजलंत. मी चुकीचं सांगितलं."

"पर रिपोर्टावर सही माजी हाय, सायेब. खोटा आकडा दिला म्हनून घरी बसवतील. अकरा वरसं झाली नोकरीला. एक दांडी न्हाई."

"चूक माझी आहे असं मी लिहून देणार आहे."

"आसं कुटं सायेब लोक लिवून देत्यात व्हय?" रेणुसे म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नाही आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

देवराईच्या तोंडाशी एक बाई गवताचा भारा बांधत होती. पन्नाशीची, हातात कोयता, कपाळावर मोठं कुंकू. रेणुसे म्हणाले, "ह्या ठकूबाई ढेबे. वरच्या धनगरवाड्यावरच्या. देवीचा दिवा ह्यांच्या घरचा." एवढं बोलून ते घुटमळले. माझं आडनाव त्यांना ठाऊक होतं आणि गावची रीत त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती.

"कुठलं म्हनायचं?" ठकूबाईंनी विचारलं.

"भोरचा. सोनवणे. आम्ही बौद्ध." मी हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो. वडिलांनी लावलेली सवय. अडखळायचं असेल तर समोरच्याने सुरुवातीलाच अडखळावं, पुढे कामात खोळंबा नको.

ठकूबाईंनी मला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. "बरं. चपला काढा. काठी भाईर ठिवा. हिरवं पान तोडायचं न्हाई. ह्ये समद्यास्नी हाय, मामलेदार आला तरी."

मी देव मानत नाही. पण चपला काढल्या, आणि त्या काढताना बरं वाटलं, हे का लपवू?

आत गेल्यावर चुन्याचे पट्टे बघून ठकूबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "ह्यात कोन ऱ्हातंय? ह्ये दोन वरसांमागचं. ह्ये तर वाऱ्यानं आर्धं सांडलंय. रेणुसेभाऊ, चुना लई झाला व्हता का घरी?"

रेणुसे बिचारे झाडाकडे बघत उभे.

"मावशी, एका शेकराची घरं किती?"

"लागत्यात पाच-सात. आज हितं निजल, चार दिसांनी तितं. पिलाचं येगळं. बाकीची पडून."

"मग या रानात शेकरं किती?"

"मोजली न्हाईत बा कधी."

"मोजायची तरी कशी? झाडं एवढी उंच. दिवसभर हिंडतात. एकच जनावर तीनदा मोजलं जायचं."

ठकूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. शहरातल्या माणसाची कीव येते तेव्हा बघतात तसं. "सायेब, म्हसरं रानात मोजत्यात का कुनी? रानात मोजशीला तर येक म्हस चारदा मोजशीला. सकाळच्या पारी गोठ्यातनं निगताना मोजायची. दारात हुबं ऱ्हाऊन."

मी तिथल्या तिथे खाली बसलो. कॉलेजात इतकी वर्षं घासून मला जे सुचलं नव्हतं, ते या बाईने गवताचा भारा बांधता बांधता सांगितलं. शेकरू रात्री एकाच घरट्यात झोपतं. उजाडलं की बाहेर पडतं. सगळ्या घरट्यांखाली एकाच वेळी माणसं उभी केली, तर जे दारातून निघेल ते मोजायचं. दोनदा मोजलं जायची भीती नाही. पुस्तकातला आकडा नाही. डोळ्यांनी बघितलेला.

फक्त एकतीस माणसं हवी होती, आणि तीही पहाटेच्या थंडीत.

माणसं गोळा केली रेणुसेंनी. मी त्यांना जा म्हटलं नव्हतं. येणारा प्रत्येक माणूस त्यांचाच आकडा खोटा ठरवायला येणार होता, हे त्यांना पुरतं माहीत होतं. तरी बुधवारचा अख्खा दिवस तो माणूस धनगरवाडा आणि पासली यांच्यामध्ये वरखाली करत राहिला. लोकांना कारण ठकूबाईंनी सांगितलं. देवराईच्या पोटातून एक झरा निघतो, वाड्याची माणसं आणि जनावरं उन्हाळ्यात त्याच्यावर जगतात. भोवतीची झाडं कोळशाला गेली तर झरा राहणार नाही. एवढं पुरलं. वाड्यावरून सतरा जण आले, बाकीचे पासलीतून. बायका निम्म्याहून जास्त.

गुरुवारी सगळ्यांना आपापलं झाड दाखवलं. या वेळी मी कागद काढला नाही. प्रत्येकाला तोंडी सांगितलं आणि त्याच्याकडून परत वदवून घेतलं.

"तुमचं झाड कुठलं, बाबा?"

"सोळा."

"काय करायचं?"

"वर बगायचं."

"बोलायचं?"

"न्हाई."

"आणि काहीच दिसलं नाही तर?"

बाबा हसले. "तर सांगू की दिसलं म्हनून. तुमी एवडं पुन्याहून आलाय. रिकाम्या हातानं लावून देतोय व्हय?"

बाबा हे थट्टेने म्हणत नव्हते. आणि नुसते ते बाबा नव्हेत. भोवती सगळ्यांच्या माना डोलत होत्या. पाहुण्याला नाही म्हणायचं नाही, हा त्या डोंगरातला धर्म. ही माणसं प्रेमापोटी मला एकतीसच्या एकतीस शेकरं काढून देणार होती, आणि ठेकेदाराचं काम फत्ते होणार होतं. मग मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. काही दिसलं नाही तर 'काही नाही' असंच सांगायचं. मला त्याचं वाईट वाटणार नाही. तेवढ्यासाठीच मी आलोय. लोकांना पटेना. शेवटी ठकूबाईंनी आवाज चढवला. "देवीच्या रानात हुबं ऱ्हाऊन खोटं बोलशीला तर बगा." मग पटलं.

शुक्रवारी फटफटायच्या आत सगळे आपापल्या झाडाखाली. अंगावर घोंगड्या, पाय अनवाणी, दवाने माती गार पडलेली. मी नऊ नंबरखाली. एकतीस माणसं एवढ्याशा रानात उभी आहेत आणि खोकल्याचासुद्धा आवाज नाही, असं मी आयुष्यात पुन्हा पाहिलं नाही. उन्हं शेंड्याला लागली तसा लांबून शेकराचा तो कटकट आवाज आला. माझ्या डावीकडे फांदी हलली, एक तांबडं अंग पानांतून सळकन गेलं आणि दुसऱ्या झाडावर उडी पडली. माझ्या झाडातून काही निघालं नाही. तासभर मान मोडून उभा राहिलो, तरी नाही.

मग एकेकाने धोंड्यापाशी येऊन सांगायचं. "काय न्हाई." "काय न्हाई." सोळा नंबरचे बाबा म्हणाले, "वानर व्हतं, सायेब. त्ये धरायचं का?" सगळं रान हसलं. मग एक सून पुढे आली, "निगालं. मोठं, येकच." पुढे पुन्हा "काय न्हाई"ची रांग. शेवटी हिशेब असा जमला: पाच घरट्यांतून सहा शेकरं. एका घरट्यात आई आणि वाढतं पिल्लू. बाकीची सव्वीस घरटी रिकामी.

शनिवारी पुन्हा सगळे उभे राहिले. पुन्हा सहाच. पण गंमत अशी, की एका शेकराने घर बदललं होतं. आदल्या दिवशीच्या अकरा नंबरमधून काही निघालं नाही, तेवीस नंबरमधून निघालं. याहून चांगला पुरावा मला प्रयोगशाळेत मिळाला नसता. एक जनावर, दोन घरं, दोन दिवस, आणि साक्षीला माणसं.

रेणुसेंनी रजिस्टर उघडलं. आपल्या एकतीसच्या खाली त्याच मोत्यासारख्या अक्षरात 'शेकरू सहा' असं लिहिलं आणि सही केली. कोणी सांगितलं नव्हतं. मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला. मी नुसती त्यांची विडी पेटवून दिली. खाली सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे घेतले.

सोमवारी सकाळी लवकर जाऊन मी रिपोर्ट लिहिला. पहिलंच वाक्य: 'गार्डने घरट्यांची मोजणी अचूक केली असून, सूचनापत्रक अपुरे लिहिण्याची चूक माझी आहे.' जोगळेकरांनी ते माझ्या खांद्यावरून वाचलं आणि डोक्याला हात लावला.

"अहो सोनवणे, 'चूक माझी' असं कोणी सरकारी कागदावर लिहितं का? 'त्रुटी आढळून आली' असं लिहा. कोणाची ते कशाला?"

"कोणाची ते नाही लिहिलं, तर ती घरंगळत खाली गार्डपर्यंत जाते."

जोगळेकरांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. मग हळूच म्हणाले, "निदान 'अनवधानाने' तरी घाला." ते मात्र घातलं. म्हाताऱ्याचं मन कशाला मोडा.

साहेबांनी रिपोर्ट पूर्ण वाचला. दुसऱ्या फाइलवर सही न करता. अंगठ्यांची पानं दोनदा उलटून पाहिली.

"म्हणजे तीन वर्षांत आपण याच फॉर्मवर जे प्रस्ताव पाठवले..."

"चौदा आहेत, साहेब. सकाळी मोजले."

"त्यातले चुकीचे किती?"

"माहीत नाही."

"पुन्हा तेच."

"हो, साहेब."

साहेब उठून खिडकीशी गेले. मला वाटलं, आता मुदतवाढ विसरा. ते पाठमोरेच म्हणाले, "तुम्हाला मेमो देणार मी. सूचनापत्रकाबद्दल."

"द्या, साहेब."

"गार्डला नाही."

"त्याच्यासाठीच पहिलं वाक्य लिहिलंय."

"ते कळलं मला," साहेब म्हणाले. मग टेबलाशी येऊन प्रस्तावावर आडवं लिहिलं: 'परत. शास्त्रीय तपासणीचा रकाना भरल्याशिवाय यापुढे कोणताही प्रस्ताव सादर करू नये.' खाली सही. आणि जोगळेकरांना हाक मारली.

"साहेब, पण फुलस्केपवर मावत नाही," जोगळेकर म्हणाले.

"मग काय करायचं?"

जोगळेकरांनी कागद उलटा केला. "पाठीमागे छापू की."

तीन वर्षं हे कोणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही.

त्या चौदा फायली उघडायला आम्हाला दीड वर्ष लागलं. खरं तेच सांगतो, बहुतेक निर्णय बरोबर होते आणि तसेच राहिले. तपासणी म्हणजे दर वेळी प्राण्याच्या बाजूने कौल देणं नव्हे. तीन प्राणी मात्र चुकीने यादीतून गेले होते, ते परत आत आले. त्या तिघांत एक पिसोरी होतं, सशापेक्षा थोडंसंच मोठं, भित्रं, हरणासारखं जनावर. पुढे मोठा कायदा आला तेव्हा आमच्या भागातून गेलेल्या माहितीतल्या प्रत्येक आकड्यामागे पाठीमागच्या बाजूला एक सही होती. नोकरीत मला पदकं मिळाली नाहीत, बढत्याही बेताच्याच. पण या सह्यांचा मला अभिमान आहे आणि तो मी बोलून दाखवतो. मेमो माझ्या सर्व्हिस बुकात शेवटपर्यंत राहिला. मुदतवाढ आली, नेहमीसारखी सहा महिन्यांची.

पुढच्या वर्षी पुन्हा मोजणी ठरली तेव्हा साहेब म्हणाले, मी येतो. रेंजरची धांदल उडाली. साहेब जीपने वेल्ह्यापर्यंत आले आणि पुढे चालत. देवराईच्या तोंडाशी ठकूबाईंनी त्यांनाही चपला काढा, काठी बाहेर ठेवा, हे सगळं ऐकवलं. साहेबांच्या पायांत बूट होते. ते निमूट खाली बसून नाड्या सोडायला लागले. मग झाडं वाटताना त्यांच्या वाट्याला चौदा नंबर आला, मागच्या वर्षीपासून रिकामं असलेलं झाड.

रेणुसे ठकूबाईंच्या कानाशी जाऊन म्हणाले, "ठकूबाई, मोठ्या सायबास्नी चांगलं झाड द्या की."

"नंबर लागला त्यो लागला," ठकूबाई म्हणाल्या.

साहेब खांद्यावर घोंगडी घेऊन अनवाणी दीड तास उभे राहिले. त्या वर्षी रानात सात शेकरं निघाली. आजूबाजूच्या झाडांखालची माणसं वर बघून हळूच हसत होती. चौदा नंबरमधून काही निघालं नाही. शेवटी ते म्हशी राखणाऱ्या दोन बायकांच्या मागे रांगेत उभे राहिले. त्यांची पाळी आल्यावर, सगळ्यांना विचारत होतो तसंच मी विचारलं.

"काय दिसलं?"

"काही नाही."

रेंजरला राहवलं नाही. "साहेब, आपल्या झाडाचं पान एकदा चांगलं हललं होतं. मी स्वतः बघितलं."

"पान हललं होतं," साहेब म्हणाले. "शेकरू नव्हतं." आणि फॉर्म पालटून, पाठीमागच्या बाराव्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: 'झाड चौदा. शून्य. स्वतः पाहिले.' सही, तारीख.

त्याआधी आमच्या ऑफिसात कुठल्याही रेंजमधून शून्य असा आकडा आला नव्हता. कधीच नाही. त्या वर्षीपासून असे आकडे यायला लागले. कुठे तरसाचं शून्य, कुठे खवल्या मांजराचं. वाचून वाईट वाटायचं, पण ते खरे होते आणि त्यांच्यावरच पुढची कामं उभी राहिली. वरच्या माणसाने एकदा शून्य लिहून सही केली, की खालच्या माणसाला ते लिहायची भीती वाटत नाही. एवढं शिकायला मला चाळिशी गाठावी लागली.